एकशेवीस पानांची एकवाक्यता
(कारागीर व हस्तव्यवसायाचे विद्यार्थी यांच्यापुढील भाषण)



सावंतवाडी म्हटले की मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळीतील रंगीत लाकडी फळे डोळ्यांसमोर उभी राहतात. ती फळे पाहून पाहुणा हरखून जातो. खऱ्या आंब्याशी त्यांचे साम्य पटले की त्याचे समाधान होते. परंतु याच गावच्या कलेतील दुसरी एक वस्तू तो हातात घेतो, तिच्या रंगांची वाखाणणी करतो आणि जागच्या जागी ठेवून देतो. ती कशी वापरावयाची, हे त्याला ठाऊक नसते. ही वस्तू म्हणजे गंजिफा. नित्य वापरातील वस्तूंची घडण कशी असावी, याचा विचार करताना या गोल पानांकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत गंजिफाचा उल्लेख येतो. मोगली संचात आठ गट व शहाण्णव पाने असत. हिंदुस्थानच्या मातीत रुजताना या खेळाने दशावतारांचे रूप घेतले. दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येक गटात राजा, प्रधान व एक ते दहा अंकांची पाने, अशी एकूण एकशेवीस पाने झाली. छापील पत्त्यांच्या प्रसारानंतर ही कला मागे पडली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली व राजवाड्यात कारागिरांना काम देऊन तिला पुन्हा जीवदान दिले.

ओळख पटविणारी शिस्त

परंपरेने दशावतारी गंजिफा तिघे खेळतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. पान गोल असल्यामुळे त्याला कोपरा नसतो. कोपऱ्यात अंक लिहून ठेवण्याची सोयही नसते. अशा स्थितीत चाळीस पानांमधून हवे ते पान क्षणात कसे सापडते? याचे उत्तर रचनेच्या शिस्तीत आहे. प्रत्येक गटाची जमीन ठरलेल्या रंगाची असते व प्रत्येक अवताराचे चिन्ह ठरलेले असते. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, परशुरामाचा परशू, रामाचा बाण. चिन्हे मोजली की अंक कळतो. सात मासे दिसले की ते मत्स्याचे सत्ते. राजाचा थाट निराळा, प्रधानाचा निराळा. परंतु दहाही गटांत राजा सर्वश्रेष्ठ आणि प्रधान त्याच्या खालोखाल, हा क्रम कधी ढळत नाही. एका गटाची घडण समजली की उरलेल्या नऊ गटांची बहुतांश समजते. एकशेवीस पाने स्वतंत्रपणे पाठ करावी लागली असती, तर हा खेळ चार माणसांपलीकडे गेलाच नसता.

रचनेतील सुसंगती म्हणतात ती हीच. सुसंगती म्हणजे सर्वत्र एकसारखेपणा नव्हे. जे एक आहे ते एकसारखे दिसावे आणि जे वेगळे आहे ते वेगळे दिसावे, हा तिचा अर्थ. सर्व गटांची जमीन एकाच रंगाची केली तर संच नीटनेटका दिसेल, पण खेळणाऱ्याचे हाल होतील. उलट पानांची पाठ मात्र तंतोतंत सारखीच हवी. एखाद्या पानाच्या पाठीवर रंगाचा निराळा ठिपका पडला, तर ते पान मागूनही ओळखू येते आणि सबंध संच खेळण्यास निरुपयोगी ठरतो.

उलटी उतरंड

मात्र या खेळात एक ठिकाण असे आहे की जेथे नवखा हमखास अडखळतो. दहापैकी पाच गटांत अंकांची पाने दहापासून एकापर्यंत उतरत्या योग्यतेची असतात. म्हणजे दश्शी मोठी, एक्का लहान. उरलेल्या पाच गटांत हा क्रम उलटा होऊन एक्का मोठा व दश्शी लहान ठरते. हा भेद पानावर कोठेही लिहिलेला नसतो. तो स्मरणात ठेवावा लागतो. जाणत्याला यात खेळाची रंगत वाटते आणि ते योग्यच आहे, कारण खेळात अडचण ही मौज असते. शिवाय हा अपवादही नियमाने बांधलेला आहे: पाच इकडे, पाच तिकडे, व राजा-प्रधान दोन्हीकडे अढळ.

परंतु जी अडचण खेळात मौज ठरते, तीच नित्य व्यवहारात जाच ठरते. दुकानातील गणकयंत्रावर सात, आठ, नऊ हे अंक वरच्या ओळीत असतात. दूरध्वनीवर एक, दोन, तीन वर असतात. तेच दहा अंक, तेच बोट, पण उतरंड उलटी! एका यंत्रावर बसलेला हात दुसऱ्यावर चुकतो आणि माणूस स्वतःलाच अडाणी म्हणवून घेतो. वास्तविक चूक त्याची नसते. आपल्याकडे दिव्याची कळ खाली दाबली की दिवा लागतो. अमेरिकेत ती वर करावी लागते. यातली कोणतीही एक रीत चांगली व दुसरी वाईट असे नाही. एकाच घरात दोन्ही रीती आल्या, तर मात्र अंधारात चाचपडणे आले.

उलट चांगली उदाहरणेही आपल्या वाटेवरच आहेत. राष्ट्रीय महामार्गाच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य मार्गाच्या दगडाचा हिरवा. हे एकदा कळलेल्या प्रवाशाला अनोळखी मुलखातही आपण कोणत्या रस्त्यावर आहोत, हे कोणाला विचारावे लागत नाही. मतदान यंत्रावर प्रत्येक उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि निळी कळ एकाच ओळीत असतात. अक्षरओळख नसलेला मतदारही त्यामुळे आपला हक्क कोणाच्या मदतीवाचून बजावू शकतो. तेथे सुसंगती ही केवळ सोय राहत नाही, ती माणसाच्या प्रतिष्ठेची राखण करते.

कारागिरांचे व इतरांचे कर्तव्य

हाताने केलेल्या कामात दोन मासे सर्वस्वी सारखे कधीच निघत नाहीत, आणि निघूही नयेत. ती हाताची खूण आहे. पण कोठे हात मोकळा सोडावा आणि कोठे आवरावा, हे कारागिराला कळले पाहिजे. डोळ्याची रेघ, किनारीची वेलबुट्टी यांत त्याची प्रतिभा खुशाल खेळू द्यावी. जमिनीचा रंग, गटाचे चिन्ह, पानाचा आकार आणि पाठ यांत नको. गिऱ्हाइकाला रंग आवडला म्हणून दोन गटांची जमीन एक केली, तर संच भिंतीवर शोभेल, पण हातात खेळणार नाही. खेळ संपला की उरते ती केवळ शोभेची वस्तू, आणि तिची मागणी हौसेपुरतीच असते. म्हणून प्रत्येक संचासोबत गटांची चिन्हे व दोन्ही उतरंडी दाखविणारा मराठी कागद द्यावा. पाहुणा संच घरी नेईल तो खेळण्यासाठी.

हाच विचार कचेरीतील अर्जालाही लागू आहे. एका अर्जात आडनाव आधी, दुसऱ्यात स्वतःचे नाव आधी. अशाने एकाच माणसाची दोन नावे तयार होतात आणि त्यांचा मेळ घालण्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा खेपा घालाव्या लागतात. अर्ज तयार करणाऱ्याचे चार क्षण वाचले, पण खेड्यातून आलेल्या वृद्धेचा दिवस बुडाला, तर तो हिशेब तोट्याचाच.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गोल पानावर कोपरा नसतानाही ओळख टिकवून दाखविली. वस्तू घडविणाऱ्याने एकदा दिलेला शब्द शेवटच्या पानापर्यंत पाळावा, एवढेच त्यांचे सांगणे आहे. पहिल्या पानावर मासा म्हणजे मत्स्य असेल, तर एकशेविसाव्या पानापर्यंत त्याचा दुसरा अर्थ होता कामा नये.