पहिले ठासणीचे रिव्हॉल्व्हर
अमेरिकेतले हौशी नेमबाज अजूनही काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर चालवतात. तिकडे राहून तुम्हालाही पहिले घ्यायचे झाले, तर रेमिंग्टनच्या १८५८ च्या नमुन्याची इटालियन नक्कल घ्या. वरच्या पट्टीमुळे ती भक्कम असते. सांगाडा मात्र पोलादी हवा. पितळी लवकर सैल पडतो. सोबत दारूचे माप, केपा, ग्रीस नि चष्मा. ‘४४’ च्या हत्याराला गोळी ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची. ठासताना शिशाची बारीक कडी निघाली, की घर बंद झाले समजा. नाहीतर आग शेजारच्या घरात शिरते, अन् दोन-तीन बार एकदम! बिनधुराची दारू तर कध्धी नको. हत्यार फुटेल, हात जाईल. परतल्यावर गरम पाण्याने धुवा. आळस केलात, की गंज हजर!