परत फिरणारी लाट



कार्यक्रमपत्रिकेवर माझे नाव पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, आज किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार यांवर ऐकावे लागणार. त्या विषयांवर मी बारा महिने बोलतच असतो. आज मी एका तारेविषयी बोलणार आहे. मी इंजिनियर नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. पण पन्नाशी ओलांडल्यावर मी दूरसंचार खात्याची परीक्षा दिली आणि हौशी रेडिओ चालवण्याचा परवाना काढला. परवान्याशिवाय या यंत्रातून एक शब्दही हवेत सोडता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नशिराबादेत या छंदाचे आम्ही तिघेजण. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवण्याचे काम केले, हे आम्ही वाचले होते. आपल्याकडेही एक चांगले केंद्र असावे म्हणून तिघांनी वर्गणी काढून एक नवा ट्रान्सीव्हर घेतला. ट्रान्सीव्हर म्हणजे बोलणे आणि ऐकणे दोन्ही करणारी पेटी. रक्कम लहान नव्हती. एका सोबत्याने तर रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून वाटा घातला. तो रेल्वेतला जुना गार्ड. त्याच्याच गच्चीवर तार उभी करायचे ठरले. काम दिले गावातल्या एका पोराला. घरांची वायरिंग करतो, हात स्वच्छ आहे.

आता तारेचा हिशेब. दिवसा पुण्याशी किंवा नागपूरशी बोलायचे तर ४० मीटरचा पट्टा बरा, म्हणजे ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ. १४३ ला ७.१ ने भागा, वीस मीटर येतात. तेवढी तार घ्यायची, मधोमध तोडून तेथे केबल जोडायची, आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरचे हात पसरायचे. मधला खांब आम्ही पीव्हीसी पाइपाचा केला. पाइपाचे काम जळगाव जिल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाही. तार ओढताना मला १९४२ साल आठवत होते. उषा मेहता आणि त्यांचे साथी मुंबईत गुप्तपणे काँग्रेस रेडिओ चालवीत. तो बोले ४२.३४ मीटरवर. ३०० ला ४२.३४ ने भागून पाहा, ७.०८ च्या वर काही येते. म्हणजे आज आम्ही बोलतो तोच पट्टा. पोलिसांना चुकवण्यासाठी ते जागा बदलत. प्रत्येक नव्या जागी तार नव्याने लावायची, तीही दबक्या आवाजात! नोव्हेंबरात ते पकडले गेले. आम्हाला तर दिवसाढवळ्या, परवाना खिशात ठेवून एक तार नीट लावता येईना.

कारण पेटी लावली, कमी शक्तीवर बटण दाबले, आणि मीटरचा काटा पाचाच्या पुढे गेला.

हा मीटर काय सांगतो? एक लांब दोर घ्या, टोक खुंटीला बांधा आणि हाताला हिसका द्या. लाट दोरावरून पळत जाते, खुंटीवर आपटते आणि परत येते. आता खुंटीऐवजी तिथे तशाच जाडीचा दुसरा लांब दोर जोडा. लाट सरळ पुढे जाते. जाड दोराला बारीक दोर जोडला, तर थोडी जाते, थोडी परतते. पेटी, केबल आणि तार यांचेही तसेच. पेटी आणि केबल ५० ओहमची. तारही तेवढीच भासली तर सगळे पुढे जाते. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटांची गाठ पडली की केबलमध्ये उंचसखल ठिकाणे उभी राहतात. त्यांचे गुणोत्तर म्हणजे एस.डब्ल्यू.आर. ते १ असेल तर काहीच परतत नाही. २ असेल तर शंभरातले अकरा वॉट परत फिरतात, ३ असेल तर पंचवीस, आणि ५ असेल तर चव्वेचाळीस. हल्लीची पेटी शहाणी असते. काटा चढला की ती स्वतःची शक्ती स्वतःच उतरवते. नवख्या माणसाला मात्र वाटते, यंत्रच कमजोर निघाले.

आम्हालाही तसेच वाटले. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, पेटी तपासून दिली आहे, अँटेना कोणी लावली ते पाहा. झाले! तिघांनी त्या पोराकडे पाहिले. पहिला बोललो मी. म्हणालो, "तार लांब ठेवलीस, काप." तो म्हणाला, "भाऊ, मोजून कापली आहे. आधी दुसरे काही तपासू." मी ऐकले नाही. दोन्ही बाजूंनी वीतभर कापायला लावली; काटा तिथेच. पुन्हा कापली. एकूण प्रत्येक हाताची पस्तीस सेंटीमीटर तार गच्चीवर पडली आणि काटा जागचा हलेना. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, पेटी जळली असेल तर याच्या मजुरीतून कापा. मी गप्प राहिलो. आरोपपत्र नाही, पुरावा नाही, बाजू मांडायची संधी नाही आणि थेट वेतनकपात! या गोष्टीवरून मी तीस वर्षे व्यवस्थापकांच्या टेबलावर मुठी आपटल्या आहेत. रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी रीतसर चौकशी बसवली. एक हजार ओहमचे, दोन वॉटचे वीस रेझिस्टर आणून समांतर जोडले. हजाराला विसाने भागले की पन्नास ओहम. गुंडाळलेल्या तारेचे रेझिस्टर मात्र इथे चालत नाहीत, कारण त्यांची कॉइल होते. याला डमी लोड म्हणतात: तारेच्या जागी बसवायचा तोतया, जो काही परत पाठवीत नाही. तो थेट पेटीच्या मागे लावला आणि दहा वॉट सोडले. काटा १.१ वर. पेटी निर्दोष सुटली. मग पेटीला केबल जोडली आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला तोतया. काटा सहावर! आता वर तार नव्हतीच, म्हणजे तारेचा आणि ती लावणाऱ्याचाही संबंध संपला. पोराने केबल जरा हलवली, तर काटा खाली आला. सोडली, तर वर गेला.

पेटीकडचा प्लग उघडला. मधल्या तारेचा डाख ठीक होता. बाहेरची जाळी मात्र प्लगच्या धातूला नुसती टेकलेली होती. त्या जाड धातूला डाख धरायला भरपूर उष्णता लागते. पंचवीस वॉटच्या बारीक सोल्डरिंग आयर्नने वर कथील चमकते, आत पकड होत नाही. तो प्लग आदल्या संध्याकाळी मी लावला होता. हौसेने, एकट्याने.

पोर काही बोलला नाही. मोठे आयर्न आणून त्याने प्लग पुन्हा लावला. केबलचा काटा १.१ वर आला. मग तार जोडली. ७ वर काटा चाराच्या पुढे, ७.२ वर दोनाच्या थोडा पुढे. वर जाताना काटा उतरतो, याचा अर्थ तार आखूड. अर्थात, आखूड मीच करवली होती! दोन्ही हात दहा-दहा सेंटीमीटरने कमी केले की जमणारी जागा सुमारे ७० किलोहर्ट्झ वर सरकते. पस्तीस सेंटीमीटरने ती ७.३५ च्या आसपास, आपल्या पट्ट्याबाहेर गेली. कापलेले तुकडे गार्डसाहेबांच्या बायकोने केराच्या टोपलीतून काढून दिले. ते परत जोडले, एक टोक शेजारच्या पत्र्याजवळ येत होते ते बांबूने उचलले, आणि ७.१ वर काटा १.४ वर थांबला. तेवढ्यावर आम्ही हात आखडला. १.४ चे १.१ करण्यात दिवस घालवणारे पुष्कळ आहेत. ऐकणाऱ्याला त्याचा फरक कळत नाही.

आता उलट बाजूही ऐका, कारण ती जास्त फसवी आहे. कमी आकडा म्हणजे सर्व कुशल, असे नाही. केबलमध्ये पाणी शिरले आणि अर्धी शक्ती जाताना, अर्धी येताना जिरू लागली, तर टोकाला तारच नसली तरी मीटर फक्त ३ दाखवील. पावसाळ्यानंतर जुन्या केबलचा आकडा एकाएकी सुधारला तर आनंद मानू नका, वरचा जोड उघडून पाहा. तसेच पेटीतला ट्यूनर. तो पेटीपुरता आकडा १ करून देतो, पण केबलपलीकडची बेबनावाची लाट तशीच चालू राहते. असे करार मी पाहिले आहेत: सही ऑफिसात होते आणि खात्यात काही बदलत नाही.

खांब उभारणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. विजेची तार खांबाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात असेल, तर ती जागाच सोडा.

पोराची मजुरी आम्ही त्याच संध्याकाळी पूर्ण दिली. तिघांसमक्ष मी त्याची माफी मागितली. तो लाजून जिना उतरून गेला. आठ दिवसांनी परत आला आणि विचारू लागला, "भाऊ, त्या परीक्षेचे पुस्तक आहे का तुमच्याकडे?" ते सध्या त्याच्याकडे आहे. गार्डसाहेबांच्या गच्चीवरच्या तारेत दोन्ही टोकांना पस्तीस सेंटीमीटरवर एकेक गाठ आहे. नवी अखंड तार आणू, असे सोबती म्हणतात. मी अजून आणू दिलेली नाही.