जुन्या जीपचा जीर्णोद्धार



कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या दुरुस्तीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण जुनी जीप सुधारणे हे बरेचसे तर्काचेच काम आहे. काय कशावर अवलंबून आहे हे ओळखून कामाचा क्रम लावला, तर पैसा सार्थकी लागतो. नाहीतर गाडी गॅरेजात आणि मालक कर्जात, अशी गत होते.

जीप 1941 मध्ये अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार होऊ लागली. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत तिची जोडणी सुरू केली, तेव्हा ती पेट्रोलवर चाले. डिझेल इंजिने पुढे आली. आज खेड्यापाड्यांत जी जुनी एम्. एम्. 540 दिसते, तिच्यात प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे 2112 सी. सी. चे इंजिन असते. ताकद सुमारे 60 घोड्यांची. आजच्या मानाने ही थोडी वाटते. पण वाडीवरच्या रोग्याला चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत, 108च्या रुग्णवाहिकेपर्यंत आणायचे असते, तेव्हा पुष्कळदा हीच गाडी दारात उभी राहते. अशा वेळी ती वेगाने धावते की नाही, हा प्रश्न दुय्यम. ती सुरू होते का, आणि उतारावर थांबते का, हे खरे प्रश्न.

म्हणून पहिला खर्च ब्रेकवर करा. जुन्या जीपमध्ये चारी चाकांच्या ब्रेकला मिळून एकच मार्ग असे. एक नळी फुटली की चारी चाकांचे ब्रेक गेले! पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळा मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला, तर एक बाजू गेली तरी दुसरी हाताशी राहते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. लांब उतारावर ते तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल मऊ पडून खाली जाते. तेव्हा दर दोन वर्षांनी ते बदलावे.

आणखी एक गोष्ट. ब्रेक हलका लागावा म्हणून व्हॅक्यूमचा डबा बसवतात. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते, त्यामुळे हा व्हॅक्यूम आयता मिळतो. डिझेल इंजिनात तो मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो आल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. डबा नवा आणि पंप थकलेला, असे असेल तर खर्च वायाच गेला म्हणायचा.

आता इंजिनाकडे वळू. शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना सायकलचा पंप दाखवा. हवा भरताना त्याची नळी खाली तापते. डिझेल इंजिनाचे सारे मर्म यात आहे. आत घेतलेली हवा 20-22 पट दाबली जाते, तिचे तपमान 500 अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि तीत उडवलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. म्हणजे या इंजिनाला तीन गोष्टी हव्यात : स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि पुरा दाब.

हवेच्या फिल्टरमध्ये तेलाची वाटी असेल, तर तिच्या तळाचा गाळ वेळोवेळी काढावा. डिझेलच्या टाकीत पाणी साचते. ते पंप आणि नोझल खराब करते. टाकी धुऊन घ्या, फिल्टर बदला, चिरलेल्या रबरी नळ्या नव्या घाला. नळीने हवा घेतली की गाडी भर रस्त्यात बंद पडते. गार सकाळी गाडी रडतखडत सुरू होत असेल, तर आधी ग्लो प्लग तपासा आणि बॅटरीपासून चासीला व इंजिनाला येणाऱ्या अर्थच्या तारा घासून घट्ट करा. एवढ्यावर भागण्यासारखे असताना लोक नवा स्टार्टर विकत आणतात!

पाण्याचे तसेच. विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार धरतात. तो साफ करून शुद्ध पाणी आणि कूलंट घालावे. इंजिन तापते म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. तसे करू देऊ नका. इंजिन मग थंडच राहते, डिझेल नीट जळत नाही आणि झीज वाढते.

एवढे झाल्यावर ताकदीचे बोलावे. “पंप जरा वाढवून देतो,” असे मिस्त्री म्हणतो. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, याचा परिणाम म्हणजे काळा धूर, वाढती उष्णता आणि शेवटी जळका पिस्टन. टर्बो बसवला तर हवा वाढते, हे खरे. मात्र त्याबरोबर पिस्टन, गॅस्केट, रेडिएटर, क्लच, सगळ्यांवरचा भार वाढतो. झिजलेल्या इंजिनाला टर्बो म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मोठ्या टायरचेही तसेच : गाडी उंच होते, पण गिअर जड पडतात आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या, नोझल आणि पंप तपासून घ्या. हरवलेली ताकद पुष्कळदा तिथेच सापडते.

इंजिन बदलायचेच ठरले, तर आधी आर. टी. ओ. कडे जा. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा बदलांना लागू आहे, आणि मूळ आराखड्याशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले आहे. अपघात झाला आणि विम्याची भरपाई अडली, तर त्याची झळ अख्ख्या घराला लागते.

तेव्हा क्रम एवढाच ध्यानात ठेवा : आधी थांबणे, मग सुरू होणे, मग थंड राहणे, आणि सर्वांत शेवटी धावणे. जुने ड्रायव्हर म्हणत, ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा. नवे भाग कितीही घातले, तरी हा नियम मोडू नका.