कादंबरीत बोलते कोण?



मंडळाने मला विषय दिला तो 'आवडलेल्या व न आवडलेल्या कादंबऱ्या' असा. यातला 'न आवडलेल्या' हा भाग मी गाळावा, असे दोघा-तिघा हितचिंतकांनी सुचवले. गाव लहान, माणसे ओळखीची, आणि आपल्याकडे एखाद्याच्या आवडत्या कादंबरीला नावे ठेवणे म्हणजे त्याच्या घरच्या मुलीला नावे ठेवण्यासारखे समजतात. पण नुसत्या आवडलेल्या पुस्तकांविषयी बोलायचे तर ते व्याख्यान होणार नाही, प्रकाशकाची जाहिरात होईल. मी समीक्षक नाही. वाचनालयाची वर्गणी भरून पुस्तक घरी नेणारा आणि मुदत उलटली की दंड भरणारा वाचक आहे. दंड भरणाऱ्याला मत असण्याचा अधिकार आहे, एवढेच धरून चालतो.

कादंबरी हाती आली की मी एक गोष्ट आधी पाहतो. हकीकत सांगते कोण, आणि कोणाला तोंड उघडू दिलेले नाही? ही खोड मला हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीने लावली. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातून ही कादंबरी क्रमाक्रमाने छापली. विधवांचा प्रश्न त्याआधी कादंबरीत आला नव्हता असे नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे, आणि गंमत अशी की त्यातली नायिकाही यमुनाच. परंतु तिथे प्रश्न पुढे चालतो आणि माणसे त्याच्या मागून. हरिभाऊंची यमू स्वतः बोलते. लहानपणचे खेळ, घरातले रुसवेफुगवे, मैत्रीण दुर्गी, सासर, मुंबईतले नवऱ्याबरोबरचे थोडे सुखाचे दिवस, हे सगळे ती इतक्या पाल्हाळाने सांगते की आजचा वाचक कंटाळतो. कंटाळतो हे मी नाकारीत नाही. शंभरएक पाने कमी असती तरी चालले असते, असे मलाही वाटते. पण पुढे नवरा जातो, शंकरमामंजींच्या ताब्यात ती सापडते, आणि तिचे केस बळजबरीने उतरवले जातात, तेव्हा त्या पाल्हाळाचा अर्थ कळतो. एव्हाना ती 'विधवा' राहिलेली नसते, आपल्या माहितीतली यमू झालेली असते. ज्या १८९० साली ही कादंबरी सुरू झाली, त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. म्हणजे ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना कळत होते. न कळणारे शंकरमामंजी होते, आणि तेच घरचे कर्ते होते!

आता ज्या पुस्तकाविषयी बोलू नका असे मला सांगितले होते, त्याकडे वळतो. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली. ज्या घरांत पंचांगापलीकडे पुस्तक नव्हते त्या घरांत ती गेली, हा तिचा उपकार मी मानतो. सावंतांची भाषा मला फार फुललेली वाटते. सूर्य उगवायचा तर त्याला दोन परिच्छेद लागतात. पण ते सोडून देऊ. माझी तक्रार वेगळी आहे. या कादंबरीत सहाजण बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. द्रौपदी बोलत नाही.

द्यूतसभेचा प्रसंग आठवा. सभापर्वात एकटा विकर्ण द्रौपदीची बाजू घेऊन उठतो. त्याला गप्प बसवणारा कोण, तर कर्ण. द्रौपदीला बंधकी म्हणणारा आणि तिची वस्त्रे ओढून घ्यायला दुःशासनाला सांगणारा कर्णच. व्यासांनी यात काही झाकलेले नाही. कादंबरीत मात्र या प्रसंगापर्यंत आपण कर्णाच्या इतके अपमान त्याच्याच तोंडून ऐकलेले असतात की सभेतही आपले लक्ष त्याच्या दुखावलेल्या मनाकडे राहते. भर सभेत ओढून आणलेल्या बाईकडे ते जातच नाही. स्वयंवरात तिने 'सूतपुत्राला वरणार नाही' असे म्हटले होते ना, मग त्याला राग येणारच, असे चांगले शिकलेले लोक मला समजावून सांगतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून शेकडो हस्तलिखिते पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि ते काम १९६६ साली, म्हणजे 'मृत्युंजय'च्या आदल्या वर्षी, पुरे झाले. द्रौपदीचे हे स्वयंवरातले उद्गार त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाहीत. पंडितांनी ते तळटीपेत ठेवले आहेत. म्हणजे ज्या अपमानाच्या आधाराने आपण कर्णाला सोडून देतो, तो अपमान मागाहून कोणीतरी भर घातलेला असण्याचा संभव मोठा.

कादंबरीकाराला मूळ कथा बदलण्याची मोकळीक असते, हे मला मान्य आहे. कालिदासानेही शाप आणि अंगठी घालून दुष्यंताला वाचवलेच. पण एक गंमत पाहा. उद्योगपर्वात व्यासांचा कर्ण कृष्णापाशी आपण होऊन म्हणतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना नाही नाही ते बोललो, त्याचा आता मला पश्चात्ताप होतो. तिथे तो आपल्या अपमानाची सबब पुढे करीत नाही. हा कर्ण मला अधिक मोठा वाटतो. त्याला वकिलाची गरज नाही. आपल्याला त्याचा वकील व्हावेसे वाटते ते कशामुळे, याचा विचार आपण घरी जाऊन करावा. कारण आपल्या गल्लीतही असे कर्ण असतात. लहानपणी फार सोसले म्हणून बायकोवर हात टाकणारे. त्यांची कहाणी आपण ऐकतो, हळहळतो, आणि बाई आत स्वयंपाकघरात असते.

खांडेकरांच्या 'ययाति'विषयी थोडेच बोलतो. १९५९ सालची ही कादंबरी, १९६० साली साहित्य अकादमीचे आणि १९७४ साली ज्ञानपीठाचे पारितोषिक तिला मिळाले. तेव्हा माझ्या मताने तिचे काही बिघडणार नाही. खांडेकरांनी ययातीबरोबर देवयानीला आणि शर्मिष्ठेला बोलू दिले, हे मोठे काम केले. शर्मिष्ठेचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. ययातीचा भाग मात्र सबबींची वही वाटते. पित्याला मिळालेला शाप, आईचा स्वभाव, देवयानीचा रुक्षपणा, सगळे त्यात नोंदलेले. आणि ज्याने आपले तारुण्य काढून दिले त्या पुरूला स्वतःचे असे एक प्रकरणही नाही.

आता मनासारखे बोलतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. लहान पुस्तक, एका रात्रीत वाचून होते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर जातो, शाळा धरतो, लोकांकडून तालीम बांधून घेतो, आणि पुढे दुष्काळ पडून सारी वाडी मेंढरे घेऊन बाहेर पडते. हकीकत मास्तर सांगतो. तो वाडीचा नाही आणि तसा आवही आणीत नाही. शेकूला बैल मिळत नाही तेव्हा त्याची बायको स्वतःला औताला जुंपून घेते. दुसऱ्या लेखकाने इथे डोळ्यांना पदर लावला असता. माडगूळकर ते पाहतात आणि सांगून पुढे जातात. ती बाईही काही बोलत नाही, पण तिच्या वतीने दुसरा कोणी खोटे बोलत नाही. मला वाटते, द्रौपदीपेक्षा तिला बरा लेखक भेटला.

नेमाड्यांची 'कोसला', १९६३. तरुण मंडळी तिच्यावर वाद घालताना मी ऐकतो. पांडुरंग सांगवीकराचा मेसचा हिशेब, वसतिगृहातली रिकामी बडबड, हे एकाला थोर वाटते, दुसऱ्याला फालतू. मी दोघांनाही एकच सांगतो: मनीचे प्रकरण वाचा. धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते आणि सगळ्यांची टिंगल करणाऱ्या या पोराची भाषाच मोडते. तिथे तो स्वतःची कैफियत मांडीत नाही. मनीला जगू दिले नाही याचा हिशेब तो घराला आणि जगाला मागतो. इतका वेळ चाललेली थट्टा कशावरचे झाकण होती, ते मग दिसते.

शेवटची विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ सालची, महायुद्धाच्या तोंडावरची. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीवर चक्रधर विध्वंस नावाचा आपला मराठी तरुण आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी हॅर्टा. हकीकत चक्रधर सांगतो, आणि स्त्रीजातीने आपल्याला फसवले ही त्याचीही एक तक्रार आहेच. ययातीसारखी वही त्याच्यापाशीही आहे. मुंबई येते, तो उतरतो, आणि तिला घेऊन बोट पुढे पूर्वेकडे जाते. इथे कादंबरी संपली असती तर चक्रधरचे दुःख मनात धरून आपण पुस्तक मिटले असते. बेडेकर तसे करीत नाहीत. मागून हॅर्टाची पत्रे येतात. ती पत्रे मी इथे सांगणार नाही, कारण ज्यांनी वाचली नाहीत त्यांचे नुकसान होईल. वाचनालयात 'रणांगण'ची प्रत आहे. उद्या सकाळी जो पहिला जाईल त्याला मिळेल.

कर्णाच्या बाजूने ज्यांना बोलायचे असेल त्यांच्यासाठी मी सभा संपल्यावर थोडा वेळ थांबणार आहे.