किल्ला पाहालच, वालीवही पाहा

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या लघुउद्योजक बंधू-भगिनींनो,

सकाळी मुंबईहून वसई-विरारला गर्दीच्या उलट दिशेने आलात, म्हणून अनेकांना लोकलमध्ये बसायला मिळाले असेल. संध्याकाळी परततानाही मिळेल. इथल्या माणसाचे आयुष्य नेमके याच्या उलट चालते. १८६७ साली विरारहून मुंबईला पहिली लोकल धावली, तेव्हा दिवसाला एकच गाडी होती. २०११च्या जनगणनेत आमच्या महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. आज ती किती असेल याचा अंदाज नालासोपाऱ्याच्या फलाटावर सकाळी आठला उभे राहून ज्याने त्याने बांधावा.

पाहुणा आला की आम्ही त्याला वसईच्या किल्ल्यात नेतो. तुम्हालाही उद्या नेणार आहोत. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि १८०२च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. हे सगळे आपण शाळेत पाठ केले आहे. माझी तक्रार एवढीच, की या गोष्टीत सगळे लढतात नाहीतर सह्या करतात. काम करताना कोणी दिसत नाही. आणि हे शहर तर कामावर उभे राहिले!

सोपारा हे अशोकाच्या काळातले बंदर. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२मध्ये इथे सापडला, नवव्याचा १९५६मध्ये भुईगावला. ओस किनाऱ्यावर कोणताही राजा आज्ञा कोरत नाही. त्याच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सभागृहात पॅकेजिंगच्या धंद्यातली बरीच मंडळी आहेत. त्यांनी हे नमुन्यादाखल जरूर ध्यानात घ्यावे. पुढे इथलीच आगाशी जहाजबांधणीसाठी आणि लाकडाच्या व्यापारासाठी नावाजली. वसईचा दगड घडवून गोव्याच्या चर्चच्या बांधकामासाठी जहाजाने गेला. किल्ला ज्यांनी जिंकला त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. तो दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नाहीत.

आज ते पाथरवट रेल्वेच्या पूर्वेला आहेत, असे मी मानतो. वालीव, सातिवली, गोखिवरे, कामण, पेल्हार. मुंबईत जागा परवडेनाशी झाली तशी लेथ आणि मोल्डिंगची यंत्रे टेम्पोत घालून माणसे खाडी ओलांडून आली. अहमदाबाद महामार्ग हाताशी होता, गाळे स्वस्त होते. एका गाळ्यात डाय बनते, शेजारी त्यावर प्लास्टिकचे भाग निघतात, पलीकडे त्यांचे खोके भरले जातात. यांतल्या बहुतेक मालावर वसईचे नाव नसते. आपण जॉबवर्कवाले, नाव दुसऱ्याचे.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. तिथे केळीच्या, फुलांच्या, पानांच्या वाड्या आहेत आणि राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी आहेत. तोही उद्योगच, फक्त त्याला शेड लागत नाही. त्या वाड्यांपैकी ज्या टिकल्या, त्यांच्यामागे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी चालवलेल्या हरित वसई आंदोलनाचा मोठा वाटा आहे. पूर्वेला मात्र जागा मिळेल तसे गाळे उठले. नाले बुजले, पाणथळ जागांवर भराव पडला. जुलै २०१८च्या पावसात रेल्वे बंद पडली आणि मिठागरांत माणसे अडकली. गाळ्यात पाणी शिरले की मोटार जळते, ऑर्डर चुकते आणि कामगाराचा खाडा पडतो. म्हणून आयोजकांना माझी आग्रहाची विनंती आहे : अनुदानाच्या चर्चेला एक तास कमी द्या, पण पाण्याच्या निचऱ्याच्या चर्चेला पूर्ण दुपार ठेवा. कर्ज आज ना उद्या मिळते; बुजवलेला नाला परत मिळवताना पिढी जाते.

उद्याच्या किल्लादर्शनानंतर बस वालीवला थांबेल. ज्यांना यायचे आहे त्यांनी दाराजवळच्या टेबलावर नाव द्यावे आणि बंद बूट घालून यावे. आत लोखंडाचा कीस पडलेला असतो. आज जेवणात आगाशीचे भुजिंग आहे, शाकाहारी मंडळींची पंगत डावीकडे. आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.