आधी माप, मग टाके



आज आम्ही स्वेटर विणण्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. काहीजणी तोंडाला पदर लावतील. म्हणतील, "गुरुजी आता सुया घेऊन बसणार की काय?" सुया चालवण्याचे काम तुमचेच. पण स्वेटरचे अर्धे काम सुईचे असते आणि अर्धे हिशेबाचे. हिशेब आम्ही जन्मभर शिकवला. तेव्हा तेवढ्यापुरते ऐका.

आपल्या बागलाणची हवा तुम्हांला ठाऊक आहे. सटाण्याला देवमामलेदारांची यात्रा भरते, तेव्हा थंडी कडाक्याची असते. पुढे संक्रांत जाते. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करीत जाते म्हणतात. पण ती एकदम जात नाही. माघ-फाल्गुनात पहाटे आरम नदीच्या काठी अंगावर काटा येतो. दहा वाजले की ऊन चटके देते. अशा दिवसांत कांद्याच्या शेतावर जायचे, तर जाड स्वेटर नको आणि उघडे अंगही नको. पातळ लोकरीचा, पुढून उघडा, बटणांचा स्वेटर बरा. ऊन चढले की बटणे सोडावी. आणखी चढले की काढून बांधावर ठेवावा.

अशा स्वेटरला कार्डिगन म्हणतात. हे एका इंग्रज सरदाराचे नाव. 1853 ते 1856 या काळात क्रिमियाची लढाई झाली. त्या लढाईत हा सरदार होता. त्याच्यावरून हे नाव पडले.

जुन्या धाटणीचा स्वेटर कमरेपर्यंतच असे. खाली चार बोटे पट्टी असे. ती 'एक सुलट, एक उलट' अशी विणत. ही पट्टी रबरासारखी ताणते आणि पुन्हा मिटते. कमरेला घट्ट बसते. वारा आत शिरत नाही. आखूड असल्याने लोकरही कमी लागते. ही धाटणी आजही सोयीची आहे.

आता लोकरीचे पाहू. दुकानात लोकर म्हणून मिळते ती सगळी मेंढीची नसते. पुष्कळदा तो ॲक्रिलिकचा, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून केलेला धागा असतो. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो. पण विस्तवाजवळ तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. चुलीपुढे बसताना तो अंगात घालू नये. पारख सोपी आहे. बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. पोरांना दूर ठेवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर लोकर मेंढीची. धागा वितळून कडक मणी झाला, तर ती लोकर नव्हे.

गोळ्यावर कागदाची पट्टी असते. ती फेकू नका, वाचा. तिच्यावर रंगाचा लॉट नंबर असतो. सगळे गोळे एकाच नंबरचे आणि एकाच वेळी घ्या. नाहीतर अंग एका छटेचे आणि बाह्या दुसऱ्या छटेच्या होतात. सुयांनाही नंबर असतात. जुन्या नंबरांत आकडा मोठा, तर सुई बारीक. आठ नंबरची सुई 4 मिलिमीटर जाड असते. दहा नंबरची सव्वातीन.

आता हिशेब. मुलीची छाती 26 इंच आहे. हालचालीला 2 इंच जादा धरा. झाले 28. निम्मी पाठ, निम्मे पोट. म्हणजे पाठ 14 इंच. टाके किती घालायचे? आधी चार इंचांचा नमुना विणा. चार इंचांत 24 टाके बसले, तर इंचाला 6. मग 14 गुणिले 6, म्हणजे 84 टाके.

पण शेजारणीचा हात सैल आहे. तिचे इंचाला 5 टाके बसतात. तिनेही तुमचे ऐकून 84 घातले, तर पाठ जवळजवळ 17 इंच होईल. पोटही तेवढेच. सारा स्वेटर 34 इंचांचा! दोन महिन्यांची मेहनत उसवावी लागेल. म्हणून टाके उसने घेऊ नयेत. नमुना ज्याचा त्याने विणावा.

वेळेचाही हिशेब करा. पाठ 15 इंच लांब, पोट 15, दोन बाह्या 13-13. एकूण 56 इंच. रोज एक इंच विणले तर 56 दिवस. शिवायला आणि बटणांना चार दिवस. झाले दोन महिने. माघात घालायचा असेल, तर कार्तिकातच सुरुवात करा.

नवी लोकर परवडत नसेल, तर जुना स्वेटर उसवा. धाग्याची लड करा, धुवा, खाली हलके वजन बांधून वाळत घाला. धाग्याची वळणे निघतात. महायुद्धामुळे इंग्लंडात 1941 ते 1949 कपड्यांवर रेशन होते. तेव्हा तिथल्या बायाही जुने स्वेटर उसवून नवे विणत. दोन रंगांची उरलेली लोकर पट्ट्यापट्ट्यांनी वापरली, तर चांगली शोभते.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. आपल्या वर्गात एक आजी आहेत. त्यांना बारा नमुने येतात. विचारले तर म्हणतात, "हाताला ठाऊक आहे." नातीला शिकायचे आहे. पण आजींची नजर आता मंदावली आहे. हात थांबला की ते बारा नमुने कोणाला विचारायचे? म्हणून ते वहीत उतरले पाहिजेत. त्याला फार विद्या लागत नाही. सुलटला 'सु' लिहा, उलटला 'उ' लिहा. 'दोन सुलट, दोन उलट' याचे होते '2 सु, 2 उ'. ही दोन अक्षरे आता तुम्हां सर्वांना येतात. गेल्या बुधवारी आजींनी पहिला नमुना स्वतःच्या हाताने लिहिला. पाच ओळी झाल्या. अकरा नमुने राहिले आहेत.

पुरुष मंडळींनीही मोकळे बसू नये. टेप धरून मुलांची मापे घ्यावी आणि वहीत लिहावी. नाव, तारीख, छाती, बाही, उंची. येत्या बुधवारी येताना भगिनींनी चार इंचांचा नमुना आणावा. टाके आपण सर्व मिळून मोजू.