डब्यातली चिठ्ठी

आम्ही रिद्धपूरच्या बचत गटातल्या बाया बोलतो आहोत.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली. एका ताईच्या कागदावर लिहून आलं, ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’. तिने तो डाळीच्या डब्यात लपवला. तीन महिन्यांनी वसुलीच्या बैठकीत ती रडली, “मले कॅन्सर झाला, कोनाले सांगू?”

तिला कॅन्सर नव्हता. पण तीन महिने आम्हीही तिला विचारलं नाही, ही चूक आमची.

या तपासणीत सिस्टर पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतात. मिनिटभरात पांढरा डाग उठला, की पॉझिटिव्ह. डाग साध्या सुजेनेही उठतो. कधी पेशी बदलू लागलेल्या असतात. त्यांचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-दहा वर्षं लागतात. काही आपोआप बऱ्याही होतात. नेमकं काय, ते दुर्बिणीतून पाहून आणि लागलाच तर तुकडा तपासून कळतं. बिघडलेल्या पेशी गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतात. नुसत्या डागावरून कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

हे बदल एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतात. तो शरीरसंबंधातून येतो, खूप जणांना होतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. म्हणून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या बायांची हीच तपासणी केली. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकून प्रशिक्षण घेतलेल्या बाया. तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण हा फायदा पुढच्या तपासणीला गेलं तरच मिळतो.

आमच्या ताईसोबत आम्ही दोघी गेलो. पेशी बदललेल्या निघाल्या, उपचार झाला, संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. वर्षाने पुन्हा दाखवायचं आहे. तारीख गटाच्या वहीत लिहिली आहे.

आता आमच्या गटाचा ठराव आहे: पॉझिटिव्ह आलेल्या बाईसोबत दोघींनी जायचं, भाड्याची अडचण असेल तर गटातून उचल द्यायची. तिचा कागद मात्र तिच्या परवानगीशिवाय कोणी वाचायचा नाही.

तुम्ही ३० ते ६५ वर्षांच्या असाल, तर दर पाच वर्षांनी तपासणी करा. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर शिबिराची वाट पाहू नका.

आज घरी गेल्यावर डबे उघडून बघा, बायांनो. कागद असेल तर उद्याच आशाताईंना दाखवा.